कणकण

ओउलूत नोव्हेंबरात साडेतीनलाच अंधार पडतो
आणि चारला तौनो येतो,
भुवयांवर बर्फ, टोपीच्या काठाला घामाचं मीठ,
काउंटरवर हातमोजे ठेवून म्हणतो, "घसा."
एवढंच.
ऑक्टोबरपासूनचा हा चौथा घसा.

"ताप?" मी विचारते.
"नाही. नुसती कणकण."

चघळायच्या गोळ्या देते, झिंक देते, नाकाचा फवारा.
पावती तो वहीत घालतो,
त्याच वहीत रोजचे किलोमीटर:
सोमवार, बारा.
मंगळवार, अठरा, उणे चौदा, वारा समोरून.
बुधवार, पडसं, दहा.
गुरुवार, पडसं, दहा.
शुक्रवारी पडसं खोडलेलं, दहा तसेच.

रात्रपाळीत तो पोस्टाची पार्सलं वेगळी करतो.
एक्कावन्न वय. पदकाची आस नाही,
कुणाला हरवायचंही नाही.
मेमध्ये बेचाळीस किलोमीटर, साडेतीन तासांच्या आत,
असं त्याने स्वतःलाच कबूल केलंय,
आणि अशा कबुलीला मुदतवाढ मागायची
तर कुणाकडे?

आरोग्यकेंद्रात रक्त तपासलं. सगळं ठीक, लोह जरा कमी.
ते "ठीक" त्याने परवान्यासारखं खिशात घातलं
आणि त्याच संध्याकाळी चौदा किलोमीटर.

कुठल्याच डबीवर छापलेलं नसतं
की धावताना शरीर फक्त झिजतं.
भरून येतं ते मागाहून,
झोपेत, वही मिटलेली असताना.
ते मागाहून त्याने कधी येऊच दिलं नाही.
गवंडी विटा घेऊन दारात उभा
आणि हा आतून भिंत पाडतोय.

जानेवारीत म्हणाला, सकाळची नाडी
अठ्ठेचाळीस असायची, आता त्रेसष्ट.
घड्याळ बिघडलं असणार.
नवं घेतलं. तेही त्रेसष्टच म्हणालं.
मग त्याने घड्याळाशी बोलणंच टाकलं.

फेब्रुवारीत एकदा रक्तदाबाच्या खुर्चीत बसला
आणि उठेना.
घेरी नव्हती, दुखत काही नव्हतं,
उठायला कारण सापडत नव्हतं इतकंच.
मागे रांग. कानाच्या थेंबांसाठी एक म्हातारी,
कडेवर पोर घेतलेला एक बाप.
आमच्याकडे रांगेत कुणी बोलत नाही, ते बरं.

फळी उचलून मी बाहेर आले
आणि त्याच्याशेजारी उकिडवी बसून
जे मी नवऱ्यालाही नीट सांगितलेलं नाही ते सांगितलं:
माझा भाऊ आर्वो. तिशीतला, काटक.
फ्लूच्या तिसऱ्या दिवशी स्की बांधून निघाला,
म्हणाला, घाम आला की उतरेल.
तळ्यापर्यंत पोचला.
तळ्यावरून त्याला आणावं लागलं.
हृदयाला सूज होती, हे नंतर कागदावर वाचलं.
कागदावर सगळं किती सोपं असतं.

तौनो नाक ओढत ऐकत होता.
बराच वेळ.
मग म्हणाला, "किती दिवस?"
"कशाचे?"
"न धावण्याचे. आणि वहीत काय लिहू?"
"काही लिहू नकोस. पान कोरं सोड."

तोंड असं केलं त्याने
जसं कुठल्याच काढ्याने होत नाही.

मार्चात दोनदा धावला.
मला त्याने नाही सांगितलं, खोकल्याने सांगितलं.

एप्रिलमध्ये, नदीवरचा बर्फ कडाकडा फुटत होता त्या आठवड्यात,
दुपारी आला. बसने. काही घ्यायला नाही.
वही उघडून काउंटरवर ठेवली
आणि खिडकीबाहेर बघत राहिला,
गुणपत्रिका दाखवणाऱ्या पोरासारखा.
कोरी पानं. एकावर कॉफीचा डाग.
मग एका पानावर, त्याच टोकदार अक्षरात:

मंगळवार. झोपलो.
साडेनऊ तास.
वारा नाही.

मेचं मी विचारलं नाही.
त्यानेही काढलं नाही.